गळ

आमच्या बापानं समुद्र पाहिला नव्हता.
मौलालीनंही नाही.
जालन्याच्या मालधक्क्यावर
वाघिणीतून विमानाचे तुकडे उतरले तेव्हा
रिखबचंद शेठचा मुनीम कागद धरून म्हणाला,
"दर्यावरचं इमान हाय म्हणं. अमेरिकेचं.
जहाजावर उतरायचं."
बाप म्हणाला, "मंग इथं कामून उतरलं?"

पंख मधोमध दुमडलेले,
खुराड्यात जागा पुरावी म्हणून
कोंबडी अंग चोरते तसे.
बिजागरी मनगटाहून जाड.
मौलालीनं ती दोनदा हलवून पाहिली,
लेकराचा खांदा निखळलाय का पाहावा तशी.
वर निळा रंग, आत पोपटी.
एका पत्र्यावर अर्धी पांढरी चांदणी,
तिच्यावर कुणी दुसराच शिक्का रंगवलेला,
तोही सोललेला.
बसायच्या जागेला तेलाचा वास होता.
माणसाचा राहिला नव्हता.

मग भट्टी.
नऊ दिवस मौलालीच्या भुवया जळत होत्या.
पत्रा आधी सुरकुततो, मग लाजतो,
मग अचानक दुधासारखा सपाट होतो,
असं तो सांगायचा.
डेचकी झाली, पराती, तीन शेरांचे डबे.
विमान अमेरिकेचं, लढलं जपान्याशी,
आणि आमच्या चुलीवर त्याचं नाव पडलं जर्मन.
मुनीमानं पुष्कळ समजावलं.
गयाबाई म्हणाली, "जर्मनचं ते जर्मनच.
आंबट नगं शिजवू त्यात, म्हंजे झालं."

एकच वस्तू भट्टीनं परत दिली.
शेपटीखालचा आकडा.
पोलादी, हातभर दांड्याचा,
टोकाशी वाकलेला.
मुनीम म्हणाला, जहाजावर आडवे दोर ताणतात,
रात्री-बेरात्री वरनं येणाऱ्यानं
हा आकडा त्यात अडकवायचा.
अडकला तर थांबला.
नाही अडकला, तर...
आणि त्यानं तोंडानं
पाण्यात धोंडा पडल्याचा आवाज काढला.
सगळे हसले.

बापानं आकडा घेतला. चौदा आणे, हाली सिक्का.
लोहाराकडून आणखी तीन नख्या जोडून घेतल्या,
काथ्याचा दोर बांधला,
आणि झाला गळ.
आमच्या गल्लीची विहीर सात पुरुष खोल,
तिनं किती पोहरे गिळले याचा हिशोब नव्हता.
गळ मागायला गळ घालावी लागत नसे.
तारण म्हणून तांब्या ठेवायचा,
आणि परत देताना पुसून द्यायचा, एवढंच.
बाप गंजाला फार भ्यायचा.

साकराबाईची माहेरची पितळी घागर पडली
ती अमावास्येची रात्र.
कठड्याभोवती सगळी गल्ली उभी,
मी कंदील धरलेला,
"डावीकडं", "अजून डावीकडं", जो तो सांगणारा.
बापानं डोळे मिटले.
उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं?
दोर बोटांतून सरकत होता,
तळाचा चिखल, एक दगड, काहीच नाही,
पुन्हा दगड.
मग मनगटाला हिसका बसला,
दोर ताठ झाला
आणि तो एवढंच म्हणाला, "लागला."

मी तेव्हा आठ वर्षांचा.
कंदील हलत होता की माझा हात, आठवत नाही.
एवढं आठवतं की घागर वर येईपर्यंत
बाप खाली पाहत नव्हता,
वर पाहत होता,
जिथं काहीच नव्हतं.

सगळ्याच वेळा लागायचं नाही.
कधी दुपार जायची, गळ रिकामा यायचा,
नख्यांना हिरवं शेवाळ.
लोक पांगायचे.
बाप दोराचं वेटोळं नीट करायचा,
आकड्याचं टोक अंगठ्यानं पुसायचा,
पुन्हा खाली सोडायचा.
मुनीमानं काढलेला तो आवाज
गल्लीतल्या पोरांना पाठ होता,
आम्ही खेळताना काढायचो.
बापानं तो कधीच काढला नाही.